शेवट ठाऊक असलेली गोष्ट कशी लिहायची

पहिली प्रेमकादंबरी लिहायला घेतलेल्या एका वाचकाचा प्रश्न असा आहे: प्रेमकादंबरीत दोघं शेवटी एकत्र येणार हे वाचकाला पहिल्या पानापासून माहीत असतं, मग त्याला शेवटच्या पानापर्यंत धरून ठेवायचं कसं? आणि त्याला जोडून दुसरा: अशा कादंबऱ्या लिहून पोट भरतं का? मी बरीच वर्षं हेच लिहिते आहे आणि नव्या लेखकांची हस्तलिखितंही वाचते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबणार आहे, कारण या लेखनातली सगळी कारागिरी तिथेच आहे. दुसऱ्याचं त्यामानाने लहान, पण करारावर सही करण्याआधी तेही वाचा.

आधी शेवटाबद्दल. अमेरिकेत 1980 मध्ये रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका ही प्रेमकादंबरीकारांची संघटना सुरू झाली. तिने या प्रकाराची जी व्याख्या रूढ केली तिच्यात दोनच अटी आहेत: कथेच्या मध्यभागी प्रेमकहाणी हवी, आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशा ठेवणारा हवा. दोघांपैकी एक जण शेवटी मरतो अशी कादंबरी थोर असू शकते, प्रेमाविषयी खोलवर काही सांगू शकते. पण ती प्रेमकादंबरी म्हणून वाचकाच्या हाती दिली तर तो चिडतो, आणि त्याचं चिडणं रास्त आहे. त्याला दिलेला शब्द मोडलेला असतो. नव्या लेखकांना हे बंधन वाटतं. मला ते कधीच तसं वाटलं नाही. रहस्यकथेतही खुनी सापडणार हे ठाऊक असतं, म्हणून कोणी रहस्यकथा वाचायची सोडत नाही.

वाचक ‘काय होणार’ यासाठी वाचतच नसतो. ‘हे दोघं इथून तिथवर पोचणार कसे’ हे त्याला बघायचं असतं. त्यामुळे मधल्या कुठल्या तरी प्रकरणात, शेवट माहीत असूनही, त्याला मनापासून वाटलं पाहिजे की नाही, यांचं काही जमत नाही. ते वाटायला लावतो तो अडथळा. मी नवीन कादंबरी सुरू करते तेव्हा नायक-नायिकेची नावं, रूप, व्यवसाय यांच्याही आधी एवढंच लिहून काढते: एकमेकांवर जीव असूनही हे दोघं आज एकत्र का येऊ शकत नाहीत? ते जोवर नीट लिहिता येत नाही तोवर पहिलं वाक्यही लिहीत नाही.

हस्तलिखितांत मला बहुतेक वेळा बाहेरचे अडथळे दिसतात. घरच्यांचा विरोध, श्रीमंत-गरीब, दुसऱ्या गावची नोकरी, मत्सरी मैत्रीण. ते वाईट नाहीत, पण एवढ्यावर भागत नाही. बाहेरचा अडथळा बाहेरूनच दूर होतो. वडील मवाळ होतात, बदली रद्द होते, आणि ज्यांची गोष्ट आहे त्या दोघांना काही करावंच लागत नाही. गैरसमज तर त्याहून कच्चा. तिने त्याला दुसऱ्या बाईबरोबर पाहिलं, ती त्याची बहीण निघाली, आणि तोवर शंभर पानं अबोला. मी एक साधी कसोटी लावते. दोघांना एका खोलीत बसवून पाच मिनिटं खरं बोलायला लावलं तर प्रश्न सुटतो का? सुटत असेल तर तो अडथळा नाही. खरा अडथळा मोकळेपणाने बोलल्यावर उलट अधिक ठळक होतो.

एक उदाहरण रचून दाखवते. ती आईने मागे ठेवलेला पुस्तकबांधणीचा कारखाना चालवते, तो कर्जात आहे. तो बँकेने हिशेब तपासायला पाठवलेला माणूस. इथवर सगळं बाहेरचं. आता आत शिरू. तिची आई जन्मभर एका नातेवाइकाच्या उपकाराखाली राहिली. घरातल्या प्रत्येक निर्णयात ते उपकार मध्ये यायचे. मुलगी त्यातून शिकली की मदत घेतली की माणूस आपला राहत नाही. तो घरातला थोरला. वडील आजारी, भावंडं लहान. काम असेल तेव्हाच त्याला हाक यायची. तो शिकला की उपयोगी पडलो तरच लोक आपल्याला जवळ करतात. आता त्याला ती आवडते, आणि आवडलेल्या माणसासाठी काहीतरी करून टाकणं एवढंच त्याला येतं. तिला नेमकी त्याचीच धास्ती. तो जवळ येईल तसतशी ती आक्रसणार, ती आक्रसेल तसतसा तो आणखी उपयोगी पडायला धावणार. इथून पुढे प्रसंग शोधत बसावं लागत नाही. आज मदतीचा हात कुठल्या रूपात पुढे येतो आणि ती काय करते, एवढं विचारलं की पुढचं प्रकरण समोर येतं.

यात एक गोष्ट सांभाळायची. या समजुती मूर्खपणाच्या वाटता कामा नयेत. एके काळी त्यांनीच त्या माणसाला तारलेलं असतं. नायिकेचा हेका वाचकाला नुसता हेका वाटला की त्याची सहानुभूती गेली, आणि एकदा गेलेली सहानुभूती परत मिळवायला फार पानं लागतात. म्हणून तिच्या आईचा एखादा प्रसंग असा यावा की वाचकही म्हणेल, हिच्या जागी मीही हेच शिकलो असतो.

पामेला रेगिस या अभ्यासिकेने 2003 मध्ये इंग्रजी प्रेमकादंबरीचा 1740 पासूनचा प्रवास तपासताना तिचे आठ घटक मांडले: कथा ज्या समाजात घडते त्याचं चित्र, भेट, अडथळा, ओढ, प्रेमाची कबुली, सगळं संपलं असं वाटायला लावणारा क्षण, उमज, आणि वाङ्निश्चय. हा त्यांनी शिकवलेला पाककृतीसारखा क्रम नव्हे. घटक मागेपुढे होतात, एखादा पुन्हा येतो. खर्डा अडला की मी ही यादी काढून बघते. बहुधा उमज कच्ची असते. दोघं दुरावतात ते जोरदार जमलेलं असतं, आणि मग काही पानांनी एक जण फुलं घेऊन दारात उभा राहतो. त्यांना नेमकं काय उमजलं ते लेखकालाच ठाऊक नसतं.

आपल्या उदाहरणात दुरावा कसा येईल? तो तिला न विचारता थकलेले हप्ते स्वतःच्या शिलकीतून भरून टाकतो. त्याच्या दृष्टीने याहून मोठं प्रेम नाही. तिच्या दृष्टीने तिच्या आईचं आयुष्य तिच्या वाट्याला आलं. दोघंही बरोबर आहेत, म्हणूनच दुखतं. एकाला खलनायक केलं असतं तर वाचकाला बाजू घेता आली असती; इथे घेता येत नाही. मग परत एकत्र येणं म्हणजे माफी नव्हे. त्याला तिच्या अडचणीत काहीही न करता नुसतं सोबत बसता आलं पाहिजे, आणि काही न करताही तिला आपण हवे आहोत यावर विश्वास ठेवता आला पाहिजे. आणि तिला तोंडाने म्हणता आलं पाहिजे की मला मदत हवी आहे. एका रात्री मोठं काम पुरं करायचं आहे, कामगार निघून गेलेत, फर्मे, म्हणजे छापून घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवायचे बाकी आहेत, आणि ती स्वतः त्याला बोलावते. एवढाच तो प्रसंग. भर गर्दीत गुडघ्यावर बसून केलेल्या कबुल्यांपेक्षा मला असा प्रसंग कितीतरी मोलाचा वाटतो. गर्दीसमोर विचारलेल्या प्रश्नाला नाही म्हणणं अवघड असतं, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराचं वजन कमी होतं.

आता ओढ. सुंदर डोळे, रुंद खांदे, मोहक हास्य हे लिहून ओढ तयार होत नाही, कारण ते कोणाच्याही नजरेला पडतं. ज्याचा जीव जडतो त्याला इतरांना न दिसणारं दिसायला लागतं. तो फाइल पुढे करतो आणि ती बोटांच्या मागच्या बाजूने ती स्वतःकडे ओढते, कारण बोटांच्या टोकांना खळ लागलेली आहे. त्याच्या कागदांना डाग पडू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी तो फाइल टेबलावर उघडूनच ठेवतो. कोणी काही बोललेलं नाही. पण वाचकाला कळलं, आणि लेखकाने न सांगता कळलं, म्हणून ते त्याचं स्वतःचं झालं. पहिल्या तीन भेटींत मी ‘आवडणे’ या अर्थाचा एकही शब्द येऊ देत नाही.

संवादाचंही तसंच. प्रेमात पडू लागलेली माणसं प्रेमाबद्दल बोलत नाहीत, हाताशी असलेल्या कामाबद्दल बोलतात.

‘हा दोरा एवढा सैल का ठेवता?’

‘पुस्तक उघडायला जागा लागते. ताणून शिवलं तर पहिल्याच वाचनात पान फाटतं.’

‘आणि फार सैल राहिला तर?’

‘तर पानं आपापल्या वाटेने जातात.’

हे दोघं शिवणीबद्दलच बोलताहेत. असे संवाद लिहिताना मोह होतो तो पुढच्या ओळीत अर्थ उघडा करायचा: ‘तिला कळलं की तो दोऱ्याबद्दल बोलत नाहीये.’ ती ओळ खोडा.

निवेदन कोणाच्या नजरेतून करायचं? जुन्या प्रेमकादंबऱ्यांत बहुधा फक्त नायिकेचं मन दिसायचं आणि नायक कोडं असायचा. आता प्रकरणागणिक नजर बदलणं सर्रास चालतं, दोघांनीही ‘मी’ म्हणून बोलणंही. मला दोन्ही बाजू दाखवायला आवडतं, पण एका प्रसंगात एकच नजर. आणि ती नजर त्या प्रसंगात ज्याचं अधिक पणाला लागलंय त्याची. हप्ते भरल्याचं तिला कळतं तो प्रसंग तिचा. ती निघून गेल्यावर रिकाम्या कारखान्यातला प्रसंग त्याचा.

शारीरिक जवळिकीचे प्रसंग किती आणि किती उघड, हे प्रत्येकाने आपल्या पुस्तकाच्या सुरापुरतं ठरवावं. मी स्वतःला एवढंच विचारते की हा प्रसंग काढून टाकला तर पुढच्या प्रकरणात काही बदलेल का. काहीच बदलणार नसेल तर तो तिथे नको. दोघांपैकी एक जण त्या प्रसंगातून वेगळा होऊन बाहेर आला पाहिजे: अधिक उघडा, अधिक घाबरलेला, काहीतरी कबूल केलेला. आणि संमतीबद्दल संदिग्धता ठेवू नका. 1970च्या दशकातल्या कित्येक ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्यांत नायकाची जबरदस्ती हीच उत्कटता म्हणून खपवली गेली. तो काळ मागे पडला हे फार चांगलं झालं. विचारणं, थांबणं, होकाराची वाट बघणं यात जो ताण आहे तो लेखकाला कामाला येणारा आहे.

प्रश्नात असंही लिहिलं आहे की चाळीस पानं झाली तरी दोघांची भेट झालेली नाही, आधी दोघांची बालपणं सांगून व्हायची आहेत. भेट पहिल्या प्रकरणात आणा, फार तर दुसऱ्यात. बालपण वाया जात नाही. ते अशा जागी येईल जिथे त्याच्याशिवाय तिचं वागणं कळणार नाही. आईच्या उपकारांची गोष्ट पहिल्या पानावर माहिती असते. हप्त्यांच्या पावत्या हाती लागल्यावर तीच गोष्ट घाव घालते.

वाचकाबद्दल थोडं, कारण या प्रकाराच्या वाचकाला कमी लेखण्याची फॅशन जुनी आहे. जॅनिस रॅडवे यांनी अमेरिकेतल्या एका गावातल्या नियमित प्रेमकादंबरी वाचणाऱ्या बायकांशी बोलून केलेला अभ्यास 1984 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या बायकांनी सांगितलं की दिवसभर सगळ्यांचं करताना वाचनाचा वेळ तेवढा आमचा स्वतःचा. त्यांना हुशार, स्वतःचं मत असलेली नायिका हवी होती, नायकात मायेचा ओलावा हवा होता; क्रौर्य आणि दुःखी शेवट नको होते. चांगलं-वाईट त्या अगदी नेमकं सांगत होत्या. माझाही अनुभव तोच. ही वाचक मंडळी महिन्याला कितीतरी पुस्तकं वाचतात. त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कथानकं पाठ आहेत. लेखक मनापासून लिहितोय की वरवर, हे त्यांना दुसऱ्या प्रकरणात कळतं. या प्रकाराला हलकं समजून, चार पैसे मिळतील म्हणून लिहायला बसणाऱ्यांना मी परतच पाठवते.

रोजच्या कामाचं सांगण्यासारखं थोडंच आहे. सकाळी, फोन आणि ईमेल उघडायच्या आधी, नवीन मजकूर. दुपारनंतर कालच्या मजकुराची डागडुजी, प्रुफं, पत्रव्यवहार. मालिकांमधल्या छोट्या प्रेमकादंबऱ्या सुमारे 50 हजार शब्दांच्या असतात, स्वतंत्र कादंबऱ्या त्याच्या दीडपट-दुपटीपर्यंत जातात. सुरुवात आणि शेवट उत्साहात लिहून होतात, मधला भाग लेखकाला तपासतो. तो ढिला पडला की नवीन पात्र किंवा अपघात आणू नका. अडथळ्याकडे परत जा आणि दोघांना एकमेकांच्या आणखी जवळ ढकला. अशा जागी जिथून मागे फिरणं महाग पडेल. शरीराचीही काळजी घ्या. मनगटं, पाठ आणि डोळे हीच तुमची हत्यारं, आणि ती बिघडल्यावर नवी मिळत नाहीत.

पहिला खर्डा पुरा झाला की तो काही आठवडे बाजूला ठेवते आणि मग वेगवेगळ्या कारणांसाठी वेगवेगळं वाचते. एकदा फक्त तिच्या प्रकरणांतून, जणू तिची एकटीची कादंबरी आहे. एकदा फक्त त्याच्या. एकदा नुसते संवाद, मोठ्याने. जीभ अडखळली की वाक्य बदलायचं. या वाचनांत कळतं की तो पहिल्या शंभर पानांत बदलतच नाही आणि मग एका रात्रीत बदलतो. पहिल्या वाचकांना ‘आवडलं का’ विचारू नका, प्रेमाची माणसं हो म्हणतात. पुस्तक खाली कुठे ठेवलं ते पान विचारा, आणि कुणाचा राग कुठे आला ते. उपाय मात्र त्यांच्याकडून घेऊ नका. दुखतंय कुठे हे वाचकाला अचूक कळतं, औषध लेखकालाच शोधावं लागतं.

आता पोटाचं. जेन ऑस्टिन यांनी 1811 मध्ये पहिली कादंबरी स्वतःच्या जोखमीवर काढली आणि तिच्या पहिल्या आवृत्तीतून 140 पौंड मिळवले. दुसरी, ‘प्राइड अँड प्रेजुडिस’, त्यांनी 110 पौंडांना हक्कांसकट विकून टाकली. ती 1813च्या जानेवारीत आली, त्याच वर्षी दुसरी आवृत्ती निघाली, आणि त्या आवृत्तीचा एक पैसाही लेखिकेला मिळाला नाही. करार करताना मी हा प्रसंग नेहमी आठवते. एकरकमी मानधन घेऊन कायमचे सगळे हक्क देऊ नका. ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट यांचा उल्लेख वेगवेगळा असू द्या, मुदत लिहिलेली असू द्या, आणि पुस्तक बाजारात मिळेनासं झालं तर हक्क तुमच्याकडे परत येतील अशी अट घाला. रॉयल्टीचे टक्के ऐकून खूश होण्याआधी ते कशावर मोजणार हे विचारा. छापील किंमत 100 असेल तर तिच्यावर 10 टक्के म्हणजे 10. पण विक्रेत्याची निम्मी सूट वजा करून उरलेल्या रकमेवर तेच 10 टक्के म्हणजे 5. आगाऊ मिळालेली रक्कम त्याच रॉयल्टीतून वळती होते, वेगळी नसते. टोपणनावाने लिहिणार असाल तर त्या नावावर हक्क कोणाचा, तेही कागदावर हवं. प्रकाशक बदलल्यावर नाव मागे ठेवून जावं लागलं तर वाचकही मागे राहतात.

या व्यवसायाची घडण वाचकांच्या सवयींनी केली आहे. लंडनमध्ये 1908 साली सुरू झालेली मिल्स अँड बून सुरुवातीला सगळ्या प्रकारची पुस्तकं काढत होती. 1930च्या दशकात भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांचा जोर वाढला तशी ती प्रेमकादंबऱ्यांकडे वळली. वाचक लेखकाच्या नावाइतकाच प्रकाशकाच्या नावावर विसंबून पुस्तक उचलायला लागला. पुढे 1949 मध्ये कॅनडात सुरू झालेल्या हार्लेक्विनने 1971 साली ती विकत घेतली. मालिका, ठरलेली शब्दसंख्या, दरमहा नवी पुस्तकं ही सगळी पद्धत तिथून पसरली. अशा ठिकाणी लिहिणं कमीपणाचं नाही. मर्यादेत नेमकं काम करायची शिस्त तिथे लागते.

ॲमेझॉनने 2007 मध्ये स्वतः ई-बुक प्रकाशित करायची सोय सुरू केली, आणि प्रेमकादंबरीकार तिच्याकडे मोठ्या संख्येने वळले. किमतीच्या ठरावीक पट्ट्यात 70 टक्क्यांपर्यंत वाटा मिळतो, एरवी 35. वर्गणीच्या किंडल अनलिमिटेड योजनेत 2015च्या जुलैपासून वाचल्या गेलेल्या पानांनुसार पैसे मिळतात. त्यासाठी ते ई-बुक 90 दिवसांच्या हप्त्यांनी फक्त तिथेच ठेवावं लागतं. टक्के मोठे दिसतात, पण संपादन, मुखपृष्ठ, जाहिरात हा सगळा खर्च तुमचा. पानांवर पैसे म्हटल्यावर काही जण कथा ताणतात, प्रत्येक प्रकरण अर्धवट तोडतात. वाचक एकदा सहन करतो. त्यापेक्षा एकाच परिसरातल्या वेगवेगळ्या जोडप्यांची मालिका लिहा, प्रत्येक पुस्तक स्वतःपुरतं पूर्ण. बांधणी कारखान्यातली एखादी कामगार पुढच्या पुस्तकाची नायिका होऊ शकते, आणि पहिल्या जोडीचं बरं चाललंय हे वाचकाला जाता जाता दिसतं. त्याला ते फार हवं असतं.

नोकरी इतक्यात सोडू नका. एका पुस्तकावर घर चालतं असे लेखक फार थोडे. बहुतेकांचं चालतं ते मागच्या पुस्तकांवर. नवीन पुस्तक आलं की वाचक जुनी शोधतो, आणि शोधायला जुनी असावी लागतात. सलग दोन-तीन वर्षं नव्या पुस्तकाशिवायही जुन्यांचं उत्पन्न येत राहिलं, की मग विचार करा. प्रकाशकाचं उत्तर यायला महिने जातात. तेवढ्या काळात ईमेल उघडून बघत बसण्यापेक्षा दुसऱ्या कादंबरीचा अडथळा कागदावर लिहायला घ्या.